बटाटा घेतल्याबद्दल ताकीद

"तुम्ही स्वतः कधी एक तरी जेवण कुणाच्या दारापर्यंत नेऊन दिलंय का?"

प्रश्न विचारून झाल्यावर हेल्मीच्या लक्षात आलं, की आपण माइक तोंडाला जवळजवळ चिकटवूनच धरला होता. तिचा आवाज चर्चच्या तळघरातल्या बुटक्या छताला धडकला आणि सगळ्यांच्या ताटांत येऊन पडला. पिझ्झा चावणारी तोंडं थांबली. पुढच्या टेबलावर तिच्या बाबांनी कॉफीचा कप इतका अलगद खाली ठेवला, जणू तो तापलेला निखारा होता.

पैज लागली होती आदल्या दिवशी, शाळेच्या कॅन्टीनमध्ये. "तू विचारणारच नाहीस," तिची मैत्रीण ताया म्हणाली होती. "तुझे बाबा संस्थेचे अध्यक्ष. तू उठशील, गोड हसशील आणि विचारशील, आम्ही तरुणांनी आणखी काय करायला हवं?" मॅकेन्नाने तर तिच्या आवाजाची नक्कलही करून दाखवली. वर्षभरापूर्वी वर्गात नुसता हात वर करायचा झाला तरी हेल्मीचे कान लाल व्हायचे, हे दोघींनी पाहिलेलं होतं. पण यंदा ती वादविवाद स्पर्धेत दोन शाळांना पाणी पाजून आली होती. स्वतःचा आवाज स्वतःलाच आवडायला लागला, की गप्प बसणं ही शिक्षा वाटायला लागते. "एक पर्शियन," ती म्हणाली. गुलाबी साखरेचा जाड थर असलेला तो गोड पाव कॅनडातल्या त्यांच्या थंडर बे गावाशिवाय कुठेच धड मिळत नाही, असं तिथली माणसं शपथेवर सांगतात. हेल्मीने त्याच्यासाठी याहून वाईट गोष्टी केल्या असत्या.

पण माइक हातात आला तेव्हा तिच्या डोक्यात पाव नव्हता. व्हर्ना होती.

व्हर्ना मिखाल्चुक शेवटच्या टेबलावर बसून पिझ्झ्यावरचा अननस एकेक करून बाजूला काढत होती. तिने मान वर केली नाही.

"किती सुंदर प्रश्न," मेरेडिथ प्लंकेट म्हणाली. म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देणाऱ्या 'उबदार ताट' या संस्थेची ती संचालिका, गेल्या वसंतात टोरांटोहून आलेली. ती रागावली असती तर हेल्मीला बरं वाटलं असतं. पण मेरेडिथ रागवायची नाही. ती मान तिरकी करून ऐकायची. "माझं काम असं आहे हेल्मी, की तुम्हा सगळ्यांना ते जेवण नेता यावं म्हणून मागे भक्कम उभं राहायचं. प्रत्येक ताटात माझा एक अदृश्य हात असतो."

उत्तर 'नाही' असं होतं. दोन अक्षरांचं. ते तिने इतक्या मऊ कापडात गुंडाळून दिलं, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर शेळ्यांकडूनच टाळ्या घ्यायच्या, हे हेल्मीने पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

त्या दिवसाचं नाव होतं 'कृतज्ञता दिवस'. उन्हाळ्यापासून गाडी चालवणारी बरीच माणसं संस्था सोडून गेली होती, स्वयंपाकघरातल्याही दोघी गेल्या होत्या. तेव्हा विश्वस्तांनी विचार केला, की माणसांचं मन कामात रमेनासं झालंय, त्यावर काहीतरी इलाज हवा. म्हणून शहरातून एक तज्ज्ञ बाई आणली. आणि अख्ख्या गावातल्या म्हाताऱ्यांसाठी रोज रांधणाऱ्या बायकांना बाहेरून मागवलेला, गार झालेला पिझ्झा खाऊ घातला. खुर्च्या मात्र त्यांनाच मांडायला लावल्या.

*

व्हर्नाच्या व्हॅनमध्ये हेल्मी पहिल्यांदा बसली ती सप्टेंबरात, शाळेच्या सक्तीच्या समाजसेवेचे तास भरायला. "मिसेस मिखाल्चुक, मी हेल्मी," ती अदबीने म्हणाली.

"मिसेस मिखाल्चुक माझी सासू होती, आणि ती देवाघरी गेल्याचं मला अजिबात दुःख नाही," व्हर्ना म्हणाली. "मी व्हर्ना. पट्टा लाव."

साठीला टेकलेली बाई. अंगात मुलाचं जुनं हॉकीचं जाकीट, त्याच्या पाठीवर मुलाचंच नाव. मुलगा अल्बर्टात तेलाच्या कामावर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आधी शाळेची बस चालवायची, मग ही व्हॅन. एक गुडघा जिना चढताना कुरकुरायचा, तेव्हा ती त्यालाच शिव्या द्यायची, युक्रेनियनमध्ये. कुणी आभार मानलेले तिला आवडायचे नाहीत. आणि तिला सगळ्यांबद्दल माया होती असंही नाही. "मिसेस डेलुका मला सहन होत नाही," ती सरळ सांगायची. "तिलाही मी सहन होत नाही. त्यामुळे आमचं छान जमतं."

तेव्हा जेवण जायचं ते काचेच्या आणि चिनी मातीच्या झाकणाच्या भांड्यांतून. गावातल्याच घरांनी कधीकाळी देऊन टाकलेली भांडी. कुणावर निळी फुलं, कुणावर कोंबडे, कुणाच्या झाकणाची दांडी तुटलेली. प्रत्येकाच्या बुडाला पट्टीवर देणाऱ्या घराचं नाव. आज भरलेलं भांडं द्यायचं आणि कालचं धुतलेलं परत घ्यायचं. आणि परत येणारं भांडं कधीच रिकामं नसायचं. असा नियम कुणी केलेला नव्हता. फिनिश आज्या म्हणायच्या ही आमची रीत, युक्रेनियन म्हणायच्या आमची, मिसेस डेलुका म्हणायची ही अर्थात इटलीची. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, बस.

म्हणून भांड्यात काहीही असायचं. साखरेचे दोन खडे. वर्तमानपत्रातलं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं. लोकरीचा बाळमोजा, एकच, कारण दुसरा अजून विणायचा होता. आणि आर्व्हो नुर्मीच्या भांड्यात बटाटे. आर्व्हो जन्मभर जंगलात लाकूडतोड्या होता. आता टेकडीवरच्या लाकडी घरात एकटा राहायचा आणि मागच्या वाफ्यात बटाटे लावायचा.

"उशीर झाला," दार उघडताच तो म्हणायचा. व्हर्ना वेळेवर गेली तरीसुद्धा.

"वाटेत नवरा शोधत होते."

"मिळाला?"

"तुझ्याहून तरणा एकही नाही. म्हटलं राहू दे."

मग तो हसायचा, दाराच्या चौकटीला धरून आत जायचा आणि भांडं घेऊन सावकाश बाहेर यायचा. एवढ्या वेळात जगाच्या गोष्टी व्हायच्या. परतताना एकदा हेल्मीने विचारलं, "तू प्रत्येक दारात इतका वेळ का थांबतेस?"

"मी कुठे थांबते? भांडं आणायला त्यांना वेळ लागतो."

"पण ते बटाटे... त्यांनाच नको का?"

व्हर्नाने तिच्याकडे असं पाहिलं, की हेल्मीला वाटलं आता आपल्याला रस्त्यातच उतरवणार. "पोरी, तुला कुणी रोज फुकट खायला घातलं तर आवडेल?"

"नाही."

"मग त्यांना का आवडावं?"

हेल्मीचे सक्तीचे तास नाताळच्या आधीच संपले. तरी ती जात राहिली. का, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. बाबांना वाटायचं, पोरीला समाजसेवेची आवड लागली.

जानेवारीत भांडी बंद झाली. जड, जुनाट, धुवायला माणसं लागतात, प्रत्येक दारात वेळ जातो, असं मेरेडिथने विश्वस्तांना पडद्यावर चित्रं दाखवून पटवलं आणि विश्वस्तांनी हात वर केले. हेल्मीच्या बाबांनीही. एरिक सालोंचं टायरचं दुकान होतं. कुठल्या गोष्टीला किती वेळ लागतो हे दाखवलं की त्यांना लगेच पटायचं. भांडी जुन्या सामानाच्या दुकानात गेली. त्यांच्या जागी काळे प्लॅस्टिकचे ट्रे आले, वर पातळ चिकट पापुद्रा. खा आणि फेका.

म्हाताऱ्यांनी ते फेकले नाहीत.

कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी दारोदार ते ट्रे धुऊन, पुसून, कपड्यावर उपडे घालून वाळवून तयार होते. मिसेस डेलुकाने तर आपल्या ट्रेवर पुन्हा पापुद्रा ताणून बसवला होता आणि आत बडीशेपेची दोन बिस्किटं होती. आर्व्होच्या ट्रेमध्ये बटाटा होता. एकच, कारण त्या खोलगट चौकोनात दुसरा मावत नव्हता. व्हॅनच्या मागे धुतलेल्या ट्रेंचा खडखडाट सुरू झाला.

"त्यांना सांगायला हवं ना, की हे टाकून द्यायचे असतात?" हेल्मी म्हणाली.

"तू सांग," व्हर्ना म्हणाली. "जा. आर्व्होच्या दारात उभी राहा आणि सांग, की तू धुतलेलं आम्हाला नको."

हेल्मीने सांगितलं नाही. व्हर्नानेही नाही. स्वयंपाकघरात रांधणारी रोझॅना ते ट्रे पिठाच्या पोत्यांमागे लपवत गेली आणि एके दिवशी ती थप्पी कोसळून मेरेडिथच्या पायाशी आली. मग नवा नियम निघाला: लाभार्थ्यांकडून भेटवस्तू स्वीकारू नयेत.

"बटाटा ही भेटवस्तू आहे का?" व्हर्नाने विचारलं. हेल्मी तेव्हा दारातच बूट काढत होती.

"आपल्याला नातं सांभाळायचंय व्हर्ना, पण मर्यादाही सांभाळायच्यात," मेरेडिथ म्हणाली, मान तिरकी करून.

"मी नात्याचं नाही विचारलं. बटाट्याचं विचारलं."

तिला लेखी ताकीद मिळाली. बटाटा घेतल्याबद्दल. हेल्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन तिने बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, नियम सगळ्यांना सारखा हवा, नाहीतर उद्या कुणी अंगठी घेईल." अंगठी. आर्व्होकडे अंगठी.

*

तर, टाळ्या थांबल्या आणि तज्ज्ञ बाई उठली. भिंतीवर कागदाचं मोठं झाड चिकटवलेलं होतं, नुसतं खोड आणि फांद्या. सगळ्यांना हिरव्या कागदाचं एकेक पान वाटलं. "तुम्हाला या कामाशी काय बांधून ठेवतं, एका शब्दात लिहा. मग आपण आपलं झाड फुलवू."

माणसं मुकाट उठली. प्रेम. सेवा. कुटुंब. सगळ्यांना माहीत होतं काय लिहायचं असतं. रोझॅनाने 'पिझ्झा' लिहिलं आणि खोडलं. व्हर्ना सगळ्यांच्या शेवटी गेली, पान चिकटवलं आणि जागेवर येऊन उरलेला अननस मोजल्यासारखा बघत बसली.

तज्ज्ञ बाई एकेक पान मोठ्याने वाचत होती. "आशा... माया... बटाटा?" ती हसली. "हे कुणाचं? आम्हाला समजावून सांगाल?"

व्हर्ना म्हणाली, "नाही."

बाईला वाटलं, गंमत चालली आहे. ती पुढच्या पानाकडे वळली.

बाहेर गोठवणारी थंडी होती. व्हर्ना व्हॅनचं इंजिन गरम ठेवणारी तार भिंतीतून उपसून हाताला गुंडाळत होती. हेल्मी धावत तिच्याकडे गेली. तिला वाटलं होतं, व्हर्ना निदान पाठीवर एक थाप तरी देईल.

"माझ्या वतीने बोलायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"मी तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी? त्या दोघी खिडकीला नाक लावून फोन धरून उभ्या होत्या, त्या माझ्यासाठी?"

तळघराच्या खिडक्या जमिनीलगत होत्या. ताया आणि मॅकेन्ना तिथे बर्फात गुडघे टेकून बसलेल्या व्हर्नाला दिसल्या होत्या. हेल्मीचे कान लाल झाले, वर्षभरापूर्वीसारखे.

"तू प्रश्न विचारलास आणि घरी चाललीस," व्हर्ना म्हणाली. "मला उद्या याच दारातून आत यायचंय."

"मग सोडून का देत नाहीस? तुला ते ताकीद देतात, वर झाडं फुलवायला लावतात. सगळे गेले, तू का नाही गेलीस?"

व्हर्नाने तारेचा शेवटचा वेढा घातला. "मी जाणार नाही हे त्यांना माहीत आहे. माझ्यासारख्या चार जणी जाणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर पिझ्झा गार असतो." मग आवाज जरा खाली आला. "प्रश्न चांगला होता. चल, बस. पाय गोठतील तुझे."

*

सोमवारी व्हर्नाला बढती मिळाली.

नोकरीवरून काढली असती तर गावात चार माणसं बोलली असती. बढतीवर कोण बोलणार? 'स्वयंसेवक अनुभव समन्वयक' असं लांबलचक नाव, फिरती खुर्ची, एक फोन, आणि भिंतीकडे तोंड. व्हॅनची किल्ली काढून घेतली. गुडघ्याला आराम मिळेल, मेरेडिथ म्हणाली. तिच्या फेरीवर आता एक नवा माणूस होता. बिचारा वाईट नव्हता. त्याला सांगितलं होतं तसं तो करायचा: घंटा वाजवायची, ट्रे पायरीवर ठेवायचा, फोटो काढायचा, निघायचं.

आणि हेल्मीला बक्षीस मिळालं. 'निर्भय तरुण आवाज'. गुरुवारी संध्याकाळी हॉटेलात देणगीदारांचा समारंभ, अध्यक्षांच्या म्हणजे बाबांच्याच हस्ते. कार्यालयात पत्रकही लागलं: माइक तोंडाला चिकटवलेली हेल्मी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'आम्ही अवघड प्रश्नांचं स्वागत करतो'. ते पत्रक व्हर्नाच्या डोक्यावरच्या भिंतीवरच लावलेलं होतं. मैत्रिणी खूश होत्या. तायाने पर्शियन आणला. हेल्मीने एक घास खाल्ला आणि उरलेला परत पिशवीत घातला. आपला प्रश्न आपल्याच तोंडातून काढून घेऊन त्यांनी भिंतीला चिकटवला होता, त्या कागदी झाडासारखा.

बुधवारी ती नव्या माणसाबरोबर फेरीला गेली. टेकडीवर त्याने घंटा वाजवली, ट्रे ठेवला, फोटो काढला. तो वळणार एवढ्यात दार उघडलं. आर्व्हो उभा होता, हातात चिनी मातीचं भांडं. निळी फुलं, बुडाला पट्टी.

"व्हर्ना कुठाय?"

"तिला... तिला ऑफिसात काम दिलंय," हेल्मी म्हणाली.

आर्व्होने थोडा वेळ रस्त्याकडे पाहिलं. "भांडी बंद झाली तेव्हा ती म्हणाली होती, हे तुझ्याकडेच राहू दे, लागेल. आता ती येणार नसेल तर दुसऱ्याचं भांडं मी कशाला ठेवू?" त्याने ते पुढे केलं. आत बटाटे होते, माती ब्रशने घासून काढलेले, वर झाकण. आता मावत होते.

"ते घ्यायची परवानगी नाहीये," नवा माणूस हळूच म्हणाला.

"तुला नाही," हेल्मी म्हणाली. "मी पगार घेत नाही. मला काढून टाकायला आधी मला कामावर ठेवावं लागेल." आणि तिने भांडं घेतलं. दोन्ही हातांनी.

संध्याकाळी ती ते घेऊन कार्यालयात व्हर्नाकडे गेली. व्हर्नाने फोन खाली ठेवला. अंगठ्याने बुडाची पट्टी चाचपली, झाकण उचललं, पुन्हा ठेवलं.  मग तिने खुर्ची परत भिंतीकडे फिरवली.

"इथे ठेवू नकोस," ती म्हणाली. "घरी ने. बटाटे खा. आणि परत देताना रिकामं देऊ नकोस, एवढंच."

"तू येशील माझ्याबरोबर? उद्या?"

"उद्या मला हॉटेलच्या दारात उभं राहून पाहुण्यांना बिल्ले लावायचेत." फोन वाजला. तिने तो उचलला आणि सांगितलेल्या आवाजात सांगितलेलं वाक्य म्हटलं.

*

रात्रीच्या जेवणाला बाबांनी दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले. नुसते उकडलेले, लोणी आणि शेपू. "मार्लीन, कुठून आणलेस ग? दुकानातल्यांना ही चव नसते."

"मी नाही आणले," आई म्हणाली. "तुझ्या लेकीने आणले."

"आर्व्हो नुर्मीने दिले," हेल्मी म्हणाली. "भेटवस्तू आहे. नियमाने तू खायला नको होतेस."

बाबांचा काटा हवेतच राहिला. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या निळ्या फुलांच्या भांड्याकडे.

"हेल्मी," बाबा सावकाश म्हणाले, "उद्या तुझा दिवस आहे. आजच्या दिवस तरी..."

"बाबा, तू कधी एक तरी जेवण कुणाच्या दारापर्यंत नेऊन दिलंयस?"

या वेळी माइक नव्हता. खिडकीत कुणी नव्हतं. तिचा आवाज तिला स्वतःलाही नेहमीपेक्षा लहान वाटला. बाबांनी अर्धा खाल्लेला बटाटा ताटात ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

निदान तेवढं तरी. हेल्मीने मान हलवली. तिने भांडं आपल्याकडे ओढलं. ते घासून, पुसून लखलखीत केलेलं होतं.

"उद्या मी समारंभाला येणार नाहीये," ती म्हणाली. "गुरुवारी आपल्याकडे वाटाण्याचं सूप असतं. ते मी या भांड्यात भरून आर्व्होकडे नेणार आहे, चालत. आणि तो खाऊन, भांडं धुऊन, त्यात काय घालायचं ते शोधेपर्यंत मी तिथेच दारात थांबणार आहे. कितीही वेळ लागला तरी."